सायकलची बैठक

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र एवढ्या अंतरात बैठक काही मिलिमीटर वरखाली असली तरी गुडघा आणि पाठ त्याची किंमत मोजतात. म्हणून आपण येथे सीटखालच्या दांड्याकडे वळू. सायकल कोणाची, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्याच्यापाशी आहे.

१८७०च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. स्वार त्या चाकाच्या माथ्यावर बसे. साहजिकच चाक केवढे असावे हे त्याच्या पायाच्या लांबीवर ठरे. यंत्र एका देहाच्या मापाने घडलेले होते. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने साखळीने मागचे चाक फिरवले आणि चाकाचा पायाच्या मापाशी असलेला संबंध तुटला. उंचीचा प्रश्न आता सांगाड्याच्या नळीत सरकणाऱ्या एका दांड्यावर सोपवता आला.

हा दांडा कशाने टिकतो? त्याला डाख नाही, आटे नाहीत. सांगाड्याच्या उभ्या नळीला वरच्या टोकाशी एक चीर असते. तेथला बोल्ट आवळला की चीर मिटू पाहते आणि नळी दांड्याला कवटाळते. सारा भार घर्षणावर! म्हणूनच माप काटेकोर लागते. २८.६ मिलिमीटर व्यासाच्या पातळ नळीत २७.२चा दांडा नेमका बसतो. थोडा बारीक असला तरी तो स्वाराच्या वजनाने खाली सरकत राहतो. फार वर ओढला, तर आत उरलेला तोकडा भाग तरफेसारखा नळीलाच फाकवतो.

साध्या काळ्या सायकलीत दांड्याचे वरचे टोक निमुळते असते. त्यावर सीटचा चिमटा बसतो आणि दातेरी चकत्या सीटचा कल धरून ठेवतात. कल बदलायचा तर एकेका दात्याने. दोन दात्यांमधला कोन मिळत नाही. ही उणीव कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या दोन बोल्टांच्या दांड्याने १९५०च्या दशकात दूर केली.

आपल्याकडे मात्र ती दातेरी चकतीच घरोघर पोहोचली. आधी रॅले, हर्क्युलिस अशा इंग्रजी सायकलींतून, मग सोनीपतच्या अ‍ॅटलस आणि लुधियानाच्या हीरोमधून. घरात सायकल एक आणि चालवणारे चौघे. तासाच्या भाड्याने सायकल देणारा दुकानदार पाना घेऊन सीट खाली करून देई. या उदारतेलाही मर्यादा होती. सांगाडा प्रौढ पुरुषाच्या मापाचा. दांडा पूर्ण आत गेला तरी लहान मुलांचे पाय पोहोचत नसत. मग ती नळीखालून पाय घालून तिरकी सायकल हाणत. नऊवारीतल्या बाईसाठी तर ती आडवी नळीच अडसर होती. दांडा उंची बदलू शके, सांगाड्यामागची कल्पना नव्हे.

मराठीने या वाहनाला 'पायगाडी' म्हटले, पण खोगीर घोड्यापाशीच ठेवले. सायकलीला 'सीट' मिळाली. तरी 'बैठक' हा आपला शब्द इथे अधिक नेमका वाटतो. बैठक जमवावी लागते, ती दर माणसागणिक वेगळी असते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या काही कार्बन सायकलींत दांडा सांगाड्यातच घडवला जाऊ लागला. तो स्वाराच्या मापाने करवतीने कापायचा. एकदा कापला की परत वाढवता येत नाही. वजन थोडे घटते, पण अशी सायकल भावाबहिणीत फिरत नाही. उंच चाकाच्या काळातले एका देहाचे यंत्र असे वेगळ्या वाटेने परतले. त्या दोहोंच्या मधला इतिहास एका चिरेचा आणि एका बोल्टाचा आहे. सामायिक वस्तूला प्रत्येकाची होण्यापुरती सैल जागा त्यांनी ठेवली होती.