टाळूवरचा हात

 महाराष्ट्रभर तान्ह्या बाळाची टाळू भरण्याचा जो रिवाज चालत आला आहे, त्याची मुळे बरीच जुनी आहेत. जन्मलेल्या बाळाच्या माथ्यावर तुपात भिजवलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, ठेवावा असे सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान सांगते आणि कवटीच्या हाडांमधील पाच सांध्यांना ‘सीमंत’ म्हणून मर्मांत गणते.

न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर घेते, टाळूवर कोमट तेल जिरवते, तळव्यांनी डोके गोल दाबते आणि न्हाण्यानंतर टाळूवर वेखंडाची पूड लावून कुंची बांधते. तेलाने टाळू भरते व दाबल्याने डोके घडते, हा त्यामागचा समज आहे. प्रत्यक्षात टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधील पडद्याने झाकलेली फट असून तिच्या कडांवर नवे हाड तयार होत गेल्याने मागची फट साधारणतः 2 ते 3 महिन्यांत, तर पुढची बहुधा 12 ते 18 महिन्यांत बुजते. जन्मताना एकमेकांवर सरकलेली हाडे बहुधा काही दिवसांत आपोआप जागेवर येतात, आणि याच काळात मालीश चालू असल्याने श्रेय हाताला मिळते.

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी प्रवर्तित केलेल्या ऑस्टिओपॅथी या हाताने करावयाच्या उपचारपद्धतीचे विद्यार्थी विल्यम गार्नर सदरलँड यांनी 1939 साली मांडलेला सिद्धांत दाबल्याने डोके घडते या समजाच्याही पुढे गेला: प्रौढांच्या कवटीची हाडेही हलतात, मेंदूभोवतीच्या द्रवाला स्वतंत्र लय असते आणि ती बोटांना जाणवून हलक्या दाबाने सुधारता येते. मेंदूभोवतीचा द्रव हृदयाच्या ठोक्यांबरोबर आणि श्वासाबरोबर हेलकावतो हे खरे, आणि बाळाच्या टाळूवर नाडी दिसते हेही खरे. परंतु प्रौढ कवटीचे सांधे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, शिवाय दोन परीक्षकांनी एकाच व्यक्तीच्या डोक्यावर व पायांवर एकाच वेळी हात ठेवून मोजलेली लय 1998 च्या अभ्यासात जुळली नाही. दोघांना एकच गोष्ट जाणवत नसेल, तर तिच्यावर उपचार उभारणे टिकत नाही.

मालिशीची गोष्ट वेगळी आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत खोबरेल तेलाच्या मालिशीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. सिद्ध झालेला लाभ हा असा अंगाचा आहे, डोक्याच्या आकाराचा नाही. उलट डोके जोराने दाबणे किंवा नाका-कानांत तेल सोडणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून हा भाग सोडून देणेच इष्ट.

मात्र रोज टाळूवरून हात फिरवणाऱ्या बाईला एक लक्षण सर्वांआधी हाती लागते: जुलाबाने बाळाच्या अंगातले पाणी आटले की टाळू खोल जाते, आणि मेंदूवरचा दाब वाढला की ती फुगते. बालरोगतज्ज्ञही तपासताना टाळूवर बोटे ठेवून हेच पाहतात. त्यामुळे अशी टाळू दिसताच बाळाला दवाखान्यात नेण्याचा निर्णय पुष्कळदा त्या बाईच्या सांगण्यावरच होऊ शकतो.