गिरणीच्या फाटकावरची मुलाखत

जोगेश्वरी-अंधेरीच्या बाजूस कारखाने गजबजण्यापूर्वी मुंबईत नोकरी म्हणजे गिरणी. आणि गिरणीतील नोकरीची ‘मुलाखत’ कचेरीत होत नसे. ती फाटकाशी, सकाळी, उभ्याउभ्याच उरकली जाई.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेले उमेदवार ताटकळत उभे असत. जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांच्यातून हवे तेवढे निवडी. ज्याला घेतले नाही त्याला कारण विचारण्याची सोय नव्हती.

साहेबाला कामगाराची भाषा येत नसे आणि किती हात लागतील हे रोज बदले. म्हणून भरतीचे काम त्याने जॉबरवर सोपवले. त्यासोबत रजा आणि बडतर्फीही जॉबरच्याच मुठीत गेली. काम मिळवायचे तर दस्तुरी, टिकवायचे तरी दस्तुरी. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नाईकिणीकडे असे. मात्र हाच जॉबर गाववाल्याला खोली पाहून देई, अडीनडीला उसने पैसेही देई. उपकार आणि लाच यांचा हिशेब एकाच माणसाकडे असल्यावर तक्रार कोणाकडे न्यायची?

काहींसाठी तर काही दारे मुळातच बंद होती. विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण तेथे धोट्यातून सूत तोंडाने ओढून काढावे लागे. विटाळाच्या भावनेने स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. म्हणजे नाकारणारा केवळ मालक नव्हता, शेजारी उभा राहणारा कामगारही होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली, की भरती व बडतर्फी जॉबरकडून काढून घ्यावी आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक लोकांना कार्डे मिळत. त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या.

उमेदवाराचे नाव प्रथमच कागदावर आले. जॉबरचा शब्द मात्र त्यानंतरही बरीच वर्षे खात्याखात्यांतून चालत राहिला आणि कार्डधारकालाही काम मिळेल की नाही हे रोज सकाळी गिरणीत गेल्यावरच कळे.