रेनकोट, दोन विद्यार्थी आणि आपलं इरलं

कॉलेजात शिकणाऱ्या एका श्रोत्याचा मेसेज आलाय, "दादा, प्रोजेक्टसाठी ट्रेकिंगचं जॅकेट शिवतोय, त्याच्या इतिहासावर एक भाग कर ना." मी पडलो सॉफ्टवेअरवाला. शिलाई मशीनशी माझा संबंध बटण तुटलं तरच. पण राहतो उमरोळीत. एका बाजूला पालघर, दुसऱ्या बाजूला बोईसर आणि तारापूर एमआयडीसीतले कापडाचे कारखाने, मधे भातशेती. पावसाळी कपड्यांवर बोलायला याहून बरी जागा कुठली?

सुरुवात एका विद्यार्थ्यापासूनच करू. साल १८१८, गाव एडिनबरो. जेम्स साइम नावाच्या पोराच्या लक्षात आलं, की दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळतं, आणि ते कापडाला लावलं तर कापडातून पाणी जात नाही. पेटंट मात्र त्याने घेतलं नाही. ते घेतलं चार्ल्स मॅकिंटॉशने, १८२३ मध्ये. दोन कापडं, मधे रबराचा थर. साइम पुढे मोठा सर्जन झाला, म्हणजे त्याचं काही अडलं नाही. पण इंग्रज आजही रेनकोटला 'मॅकिंटॉश' म्हणतात, 'साइम' नाही. प्रोजेक्टवाल्यांनो, ऐकताय ना?

त्या कोटाची गंमत बघा. कापडातून पाणी येत नव्हतं, शिलाईतून येत होतं! सुई जाते तिथे भोक पडतं. म्हणून आजच्या चांगल्या जॅकेटला आतून शिलाईवर पट्टी चिकटवलेली असते. आपलं जॅकेट उलटं करून बघा, दिसेल. दुसरा त्रास घामाचा. पाऊस आत येत नाही, तसा घामही बाहेर जात नाही.

इथे येतो बॉब गोर. १९५७ मध्ये अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकताना त्याने वडिलांना सुचवलं, विजेच्या तारांना टेफ्लॉनची टेप लावून बघा. त्यातून १९५८ मध्ये घरच्यांची कंपनी उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये तापवलेल्या टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणून जमेना, तेव्हा पठ्ठ्याने वैतागून एकदम हिसका दिला. कांडी तुटली नाही, लांबच लांब ताणली गेली, आणि आत असंख्य बारीक छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब जाणार नाही, वाफ जाईल, एवढी बारीक. हेच ते गोर-टेक्स.

पण वाफ आपणहून बाहेर पळत नाही. आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कमी असेल, तरच जाते. युरोपातल्या थंड डोंगरात हे मस्त चालतं. आपल्याकडे जुलैत काळदुर्ग चढताना बाहेरची हवाच ओलीचिंब असते. मग महागडं जॅकेटही आतून भिजतं. यात कंपनीने फसवलं वगैरे नाही, फिजिक्स आहे.

आता आवणीच्या वेळचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचा थर. डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकलेली, पुढून सगळं उघडं. ताठ उभं राहिलात तर पुढून भिजाल. पण रोपं लावणारी बाई दिवसभर वाकलेली असते, आणि वाकल्यावर तेच इरलं छप्पर होतं. दोन्ही हात मोकळे. शिवण नाही, म्हणजे सुईचं भोकही नाही. खालून वारा खेळतो, त्यामुळे वाफ बाहेर काढायला कुठलं खास कापडही लागत नाही. कुणी डिझायनर म्हणून त्याचं नाव लिहून ठेवलेलं नाही. नंतर पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. आता पुष्कळ जणी नुसता कागदच अंगावर घेतात, वजनाला हलका आणि स्वस्त म्हणून. आत घामाने निथळतात. ट्रेकर्ससाठी दरवर्षी नवीन जॅकेट येतं, आवणी करणाऱ्या बाईसाठी कोण डिझाइन करतंय?

तर मित्रा, काखेखाली झिप ठेवच, वारा आत शिरायला पाहिजे. आणि कापड कापायच्या आधी इरलं विणणारे एखादे आजोबा शोध, टेप घेऊन जा. पाठ आणि इरलं यांच्यात किती जागा सुटते, ते वाकून मोज, उभं राहून नको. माप मिळालं की मलाही पाठव.