सरकी खाणाऱ्या गाईचे तूप

तुपाची शुद्धता ठरवणाऱ्या निकषांमध्ये एक चमत्कारिक भूगोल दडलेला आहे. १९३७ च्या कायद्यानंतर ॲगमार्कची प्रतवारी आली. तीत तुपाचा ‘रायकर्ट-माइसल अंक’ किमान २८ हवा, असे ठरले. पण जेथे जनावरांना सरकी भरपूर घालतात अशा कपाशीच्या पट्ट्यातील तुपाला सवलत मिळाली : हिवाळ्यात २३, उन्हाळ्यात तर २१ सुद्धा चालेल. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनीही ‘कपाशीचा पट्टा’ हा वेगळा प्रदेश मानला. जो आकडा पुण्याच्या तुपात भेसळीचा संशय उत्पन्न करील, तोच विदर्भातील तुपात निर्दोष ठरावा, हे कसे?

आधी हा अंक म्हणजे काय ते पाहू. १८७९ मध्ये रायकर्ट आणि माइसल या रसायनशास्त्रज्ञांनी लोणी पारखण्याची एक युक्ती बसवली. पाच ग्रॅम तुपाचा साबण करायचा, त्यात आम्ल घालून ऊर्ध्वपातन करायचे आणि वाफेबरोबर निघून पाण्यात विरघळलेली मेदाम्ले मोजायची. ती उदासीन करायला ठराविक शक्तीचे अल्कली जितके मिलिलिटर लागेल, तितका तो अंक. ही आम्ले म्हणजे मुख्यतः चार कार्बनांचे ब्युटिरिक आम्ल. ते गाईम्हशींच्या दुधात असते. बहुतेक वनस्पतिजन्य तेलांत किंवा चरबीत जवळजवळ नसतेच. म्हणून अंक उतरला की समजायचे, तुपात दुसरे काही मिसळले आहे. १९३० नंतरच्या दशकात भारतात ‘वनस्पती’चे कारखाने निघाले आणि या कसोटीला फारच महत्त्व आले. गोंधळ टळावा म्हणून पुढे वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्तीही झाली. तीळतेल रंगपरीक्षेत लगेच ओळखू येते.

या सगळ्या व्यवस्थेमागे एक गृहीत होते : दुधातील स्निग्धांश हा गाईच्या जातीचा स्थिर गुण आहे. सरकीने हे गृहीत मोडले. सरकीच्या तेलात जवळजवळ निम्मे लिनोलेइक आम्ल असते, म्हणजे तेल चांगलेच पातळ. ते खाऊन तूप पातळ व्हायला हवे. प्रत्यक्षात सरकीवरच्या जनावराचे तूप अधिक घट्ट होते आणि वर अंकही घसरतो. शेंगदाण्यावर वाढवलेल्या डुकराची चरबी मऊ होते. खाल्ले तसे अंगी लागले. मग गाईचेच असे उलटे का?

उत्तर गाईच्या पोटात होते, आणि तेथे पोचायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईत शंभर-दीडशे लिटरांचा हा रांजण सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानाला सतत आंबत असतो. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफाँ यांनी त्यातील आदिजीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पण जीवाणूंचा अभ्यास रखडला, कारण तेथील बहुतेक जीवाणूंना ऑक्सिजन म्हणजे विषच. उघड्या बशीत ते वाढणार कसे? अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी १९४० च्या दशकात ऑक्सिजन पूर्णपणे हाकलून, बुचाने बंद केलेल्या नळीच्या आतल्या भिंतीवर माध्यमाचा पातळ थर देऊन ते वाढवून दाखवले. हंगेट आधी वाळवीच्या पोटातील सूक्ष्मजीवांवर काम करत होते. लाकूड पचवणाऱ्या किड्याकडून ते कडबा पचवणाऱ्या गाईकडे वळले. कोठीपोटातील एका मिलिलिटर द्रवात सुमारे हजार कोटी जीवाणू असतात.

स्निग्ध पदार्थांचा धागा वेगळ्याच लोकांच्या हाती होता. गुराच्या चरबीचे पृथक्करण करणाऱ्या बँक्स आणि हिल्डिच यांनी १९३१ मध्ये सुचवले की, तिच्यातील स्टिअरिक आम्ल असंपृक्त आम्लांना हायड्रोजन जोडला जाऊन तयार होत असावे. जोडतो कोण, हा प्रश्न राहिलाच. १९५१ मध्ये टेक्सासच्या रेमंड रायझर यांनी जवसाचे तेल मेंढीच्या कोठीपोटातील द्रवात मिसळून ठेवले. त्यातील लिनोलेनिक आम्ल घटले. मेंढी जागेवर नव्हतीच. काम करणारे होते ते तिच्या पोटातील सूक्ष्मजीव.

विल्हेल्म नोर्मान यांनी १९०२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते हे तेलाचे हायड्रोजनीकरण. वनस्पती तुपाच्या कारखान्यात त्याला निकेल, दाब आणि बरीच उष्णता लागते. तेच काम कोठीपोट शरीराच्या तापमानाला, निकेलच्या भुकटीशिवाय करते. म्हणजे ज्या वनस्पतीच्या भेसळीपासून तूप वाचवायचे, तिच्या कारखान्यातली मूळ क्रिया गाईच्या पोटात केव्हाचीच चालू होती! विद्यार्थ्यांना उत्प्रेरक शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे. सूक्ष्मजीव हे का करतात? असंपृक्त आम्ले त्यांच्यापैकी अनेकांना, विशेषतः तंतू पचवणाऱ्यांना, बाधतात. त्यांना संपृक्त करणे हा बचाव आहे. म्हणूनच तेल फार झाले की जनावराची वैरण नीट पचत नाही.

क्रिया नेहमी शेवटाला जात नाही. अर्धवट राहिलेला एक पदार्थ १९२८ मध्येच लोण्यात सापडला होता. गाईला लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव वॅक्सेनिक आम्ल. १९६६ मध्ये केप्लर, टोव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘ब्युटिरिव्हिब्रिओ’ या जीवाणूत या वाटेवरचा पहिला टप्पा उलगडला.

राहिला ब्युटिरिक आम्लाचा प्रश्न. कडब्यातील सेल्युलोज आंबून कोठीपोटात ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार होतात व रक्तात जातात. तुपातले ब्युटिरिक आम्ल मात्र तेथून जसेच्या तसे उतरत नाही. इंग्लंडमध्ये पॉपजाक, फ्रेंच आणि फॉली यांनी १९५१ मध्ये किरणोत्सारी कार्बन असलेले ॲसिटेट दुभत्या शेळीला टोचले आणि तो कार्बन दुधाच्या स्निग्धांशात सापडला. कास लहान साखळ्यांची आम्ले स्वतः विणते. लांब साखळ्यांपैकी बऱ्याचशा मात्र रक्तातून तयार घेते. सरकीच्या तेलाने लांब साखळ्या मुबलक आल्या की कासेतले विणकाम मंदावते. आता विदर्भातील तुपाचा हिशेब जुळतो : स्टिअरिक वाढले म्हणून तूप घट्ट, आखूड आम्ले घटली म्हणून अंक कमी. त्यात विक्रेत्याची लबाडी कुठेच नाही. निकषातली सवलत मिळाली नसती, तर चोख तूप विकणारा भेसळखोर ठरला असता.

सूक्ष्मजीवांना बाजूला ठेवले तर काय होते, तेही तपासले गेले. १९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात स्कॉट, कुक आणि सहकाऱ्यांनी तेलाच्या थेंबांना फॉर्मॅल्डिहाइड लावलेल्या केसिनचे कवच दिले. कोठीपोटात कवच टिकले, पुढच्या आम्लधर्मी कप्प्यात सुटले. तेल न बदलता आतड्यात पोचले आणि दुधात लिनोलेइक आम्ल कितीतरी वाढले. असे लोणी मऊ होते. पण ऑक्सिडीकरणामुळे लवकर खवटही होते.

सवलतीचा गैरफायदा मात्र घेता येतो. २८ अंकाच्या तुपात काही मिसळून ते २१ वर आणायचे आणि कपाशीच्या पट्ट्यातले म्हणून विकायचे. मग सरकीचे तेलच शोधावे म्हटले, तर त्यासाठी हाल्फेन यांची रंगपरीक्षा आहे. सरकीच्या तेलातील काही विशिष्ट आम्लांमुळे तिच्यात लाल रंग येतो. पण या आम्लांचा थोडा अंश सूक्ष्मजीवांच्या तावडीतून सुटून दुधात उतरतो, आणि सरकी खाणाऱ्या गाईचे शुद्ध तूपही या परीक्षेत लाल होते.