१४. पडद्यामागची तपासणी

वेबपानावरचा फॉर्म भरताना, ‘सादर करा’ हे बटण दाबण्याआधीच ब्राउझर एखाद्या रकान्यातला मजकूर सर्व्हरकडे पाठवतो आणि पान पुन्हा न उघडता उत्तर दाखवतो. ‘हे नाव आधीच घेतलेले आहे’ ही सूचना अशीच येते. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये १९९९ साली ही सोय आली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या कार्यपद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. मोबाइल क्रमांकात दहा आकडे आहेत का, हे ब्राउझरलाही कळते, मग सर्व्हरला कशाला विचारायचे, असा आक्षेप घेतला जातो. पण नाव शिल्लक आहे की नाही, हे सर्व्हरवरच्या नोंदी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते. प्रत्येक अक्षरागणिक विनंती गेली तर सर्व्हरवर भार पडतो, हा दुसरा आक्षेप खरा आहे. म्हणून टायपिंग थांबल्यावर किंवा रकाना सोडल्यावरच विचारावे. तरीही मिळालेला होकार अंतिम मानू नये. दोघांनी एकाच वेळी एकच नाव विचारले, तर दोघांनाही ‘उपलब्ध’ असे उत्तर मिळू शकते. तेव्हा फॉर्म सादर झाल्यावर सर्व्हरने सगळे रकाने नव्याने तपासलेच पाहिजेत, आणि एक नाव दोनदा नोंदले जाणार नाही अशी अट डेटाबेसमध्येच घातली पाहिजे.