दगड उचलल्यानंतरचे मरण



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या त्या गावांत जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. घरे निजलेल्या माणसांवरच बसली. सात हजारांहून अधिक माणसे गेली. अशा वेळी ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्याला आपण वाचला म्हणतो. पण जिवंत निघणे आणि वाचणे यांत अंतर आहे, असे वैद्यकाचा इतिहास सांगतो.

जपानी वैद्य मिनामी यांनी पहिल्या महायुद्धात गाडल्या गेलेल्या जर्मन सैनिकांच्या मूत्रपिंडांविषयी १९२३ साली लिहिले होते. ते बहुतेक विस्मरणात गेले. पुढे लंडनवर बाँब पडू लागले. तिथले डॉक्टर बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ साली चार रोग्यांची हकीकत छापली. हातपाय तासन् तास दबलेले ते लोक रुग्णालयात आले तेव्हा बरे दिसत होते. मग अवयव सुजला, रक्तदाब घसरला, लघवी काळपट होऊन आटली. चौघेही दगावले.

कारण असे. दबलेला स्नायू मरू लागतो. दगड उचलताच रक्त पुन्हा वाहते आणि स्नायूतले पोटॅशियम व मायोग्लोबिन अंगभर पसरते. पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साचते. अतोनात श्रम, कडक ऊन, काही सापांचे विष, बेशुद्ध होऊन एकाच कुशीवर पडून राहणे, क्वचित एखादे औषध, यांनीही स्नायू असेच विरघळतात.

उपाय मात्र साधा निघाला: वेळेवर पाणी. माणूस दगडाखाली असतानाच शिरेतून सलाईन सुरू करावे, प्रौढास तासाला सुमारे एक लिटर, तेही पोटॅशियम नसलेले. मूत्रपिंड थकलेच तर डायलिसिस आहे. १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात मूत्रपिंडाच्या तक्रारीचे ६३९ रोगी नोंदले गेले; ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले, ९७ दगावले. म्हणजे शंभरांत पंच्याऐंशी जगले. लंडनच्या त्या चौघांपासून एवढी मजल माणसाने मारली.

पण हे ज्ञान कोणाच्या हाती आहे? २९ जून २०१९ रोजी आपल्याच कोंढव्यात भिंत कोसळून मजुरांच्या झोपड्यांतली पंधरा माणसे गेली. कोणत्याही ढिगाऱ्याशी पहिला हात पोहोचतो तो शेजाऱ्याचा आणि सोबतच्या मजुराचा. १९९६ सालच्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने प्रथमोपचाराची सोय मालकावर सोपवली. आम्ही पाहिलेल्या कित्येक कामांवर ती सोय म्हणजे आयोडीनची बाटली आणि कापसाचा पुडा.

आमची मागणी मोठी नाही. घाईने दगड उचलण्याआधी वैद्यकीय मदतीला हाक मारा, आणि सुटलेला माणूस चालताबोलता असला तरी त्याला रुग्णालयात न्याच, एवढे प्रत्येक मुकादमाला शिकवले गेले पाहिजे. ऐंशी वर्षांपूर्वी हे ज्ञान सामान्य माणसांच्या मरणातून मिळाले. ते सामान्य माणसांनाच परत मिळाले पाहिजे.