माहेरचं जहाज

परदेशात राहणाऱ्या माणसाला रविवार फार जड जातो. आम्ही न्यूकॅसलला होतो तेव्हा कांदेपोहे आटोपले की चिरंजीव ‘आता कुठे?’ म्हणून समोर उभे राहत. अशाच एका रविवारी हिने दशम्या बांधून घेतल्या आणि आम्ही हार्टलपूलला जुनं जहाज बघायला निघालो.

नेपोलियनच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून इथल्या लोकांनी फासावर चढवलं, अशी या गावाची दंतकथा. अशा गावाकडून मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती.

गोदीत तीन डोलकाठ्यांचं ‘ट्रिंकोमली’ डौलात उभं होतं. पाटी वाचून ही ओरडलीच, “अहो, हे तर मुंबईचं!”

हिचं माहेर गिरगावचं, मी सदाशिव पेठेतला. पुढचा तासभर माझी धडगत नव्हती.

जहाज खरोखरच मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं. इंग्लंडात ओकचा तुटवडा, म्हणून मलबारचं सागवान. नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ जहाज १८१२ साली अमेरिकनांनी वाटेतच पकडून जाळलं. मग नकाशे पुन्हा पाठवावे लागले. काम सुरू करताना वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. आणि १८१९ साली इंग्लंडला पोचल्यावर पाव शतक नुसतं बांधून ठेवलं! आपल्या कचेरीतल्या फायलीसुद्धा इतक्या झोपत नाहीत.

“सागवान आहे म्हणून टिकलं,” तुळईवर हात ठेवून ही म्हणाली. आजोळच्या झोपाळ्यावर ठेवावा तसा तो हात होता. बराच वेळ तिथून हलला नाही.

मी मात्र त्या तारखेपाशी अडखळलो होतो. १८१७चा ऑक्टोबर. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. म्हणजे मुंबईच्या सुतारांनी इंग्रजांच्या आरमारासाठी हे जहाज पाण्यात ढकललं, त्यानंतर चोविसाव्या दिवशी पुण्यात आमचं राज्य बुडायला लागलं. शाळेत खडकी पाठ केली होती, पण शेजारी मुंबईत त्या महिन्यात काय चाललं होतं, हे कोणा मास्तरांनी सांगितलं नव्हतं. अभिमान वाटून घ्यावा तर पंचाईत, न घ्यावा तर हात लावल्यावर ते लाकूड आपलंच लागत होतं.

“बाबा, मग हे जहाज आपलं की त्यांचं?” चिरंजीवांनी विचारलं.

मी त्याला दशमी दिली.

बाहेर पडताना दारावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, “तुम्ही कुठले?”

“बॉम्बे,” मी म्हणालो.

जन्मात पहिल्यांदाच. हिने चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि न्यूकॅसल येईपर्यंत ती मधूनमधून हसत होती.